दुसऱ्या कुत्र्याचा नॉमिनी कोण?



गेल्या महिन्यात आपल्यापैकी एका परिचितांनी तीन कुत्र्यांसह सहकुटुंब फोटो टाकला. मागे शोकेसमध्ये कप आणि रोझेट, आणि खाली सल्ला : "एक पाळलात ना, मग आता जोडी कराच." कौतुकाचा पाऊस पडला. मीही अंगठा दाखवला, खोटं कशाला बोलू. पण तोच फोटो माझ्या मुलाने पाहिला आणि रविवारी चहाच्या वेळी विषय काढला.

"बाबा, बाजी आता साडेपाचचा झाला. दोन वर्षांत व्हेटरनमध्ये जाईल. दुसरं पिल्लू आत्ताच आणायला हवं. दिल्लीला चांगल्या लाइनचं वेत होणार आहे, फेब्रुवारीत मिळेल. बुकिंग करू का?"

बाजी म्हणजे आमचा लॅब्राडोर. हिवाळ्यात दिल्ली, भोपाळ, इंदूरच्या शोंना जातो, नाव काढतो. रिंगमध्ये उभा राहिला की नजर हटत नाही. मुलाची हौस खरी आहे, मेहनतही खरी आहे. तरी मी "नाही" म्हटलं. सूनबाई काही बोलली नाही, कप उचलून आत गेली. मुलाला वाईट वाटलं. "तुम्ही वयामुळे घाबरता," असं म्हणाला.

वयामुळे नाही. ३५ वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीमुळे. ती मी त्यालाही पूर्ण सांगितलेली नाही. आज इथे लिहितो, म्हणजे घरात पुन्हा सांगावी लागणार नाही आणि आपल्यापैकी ज्यांच्या मनात "जोडी" आहे त्यांच्याही कामी येईल. थोडं कडू लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

आधी माझी ओळख. लष्करात जन्म, एम.एल.बी.मधून बी.कॉम., मग बँकेत ३७ वर्षं. त्यातला बराच काळ कर्ज विभागात गेला. समोरचा माणूस स्वप्न सांगायचा आणि मी विचारायचो : हे फेडणार कोण, कशातून, आणि तुम्हाला काही झालं तर? त्यामुळे माणसं मला रूक्ष म्हणायची. मला मात्र इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. पहिलं कर्ज बुडवणारे थोडे असतात. माणूस बुडतो तो बहुधा दुसऱ्या कर्जात, कारण पहिलं नीट चाललंय म्हणून दुसरं सहज मिळतं आणि तेव्हा कोणी फार प्रश्न विचारत नाही.

आता ती गोष्ट.

१९८४ साली आम्ही अल्सेशियन कुत्री आणली. तेव्हा जर्मन शेफर्ड कोणी म्हणत नसे. नाव राणी. आपल्या मेळ्यातल्या डॉग शोमध्ये तिला बक्षीस मिळालं तेव्हा घरात दिवाळी झाली होती. आपला मेळा १९०५ सालचा, माधवराव महाराजांच्या वेळचा, आणि त्याची सुरुवातच मुळी गुरांच्या मेळ्यापासून झालेली. तिथे आपल्या जनावराचं नाव पुकारलं जाणं म्हणजे काय, हे जुन्या ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. आईने राणीला ओवाळलं होतं.

राणी सहा वर्षांची झाली आणि मला नेमका तोच किडा चावला जो आज माझ्या मुलाला चावलाय. आता हिचं वय होणार, मग पुढे काय? एक पैदासवाले ओळखीचे होते. ते म्हणाले, "साब, जोड़ी बना लीजिए, फिर देखिए." ऑक्टोबर १९९० मध्ये सुलतान नावाचं पिल्लू घरात आलं. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, मुलगा नऊ वर्षांचा, आणि माझी बदली कधीही होईल अशी स्थिती. हे सगळं मला माहीत होतं. कर्जाचा असा अर्ज समोर आला असता तर मी तो एका मिनिटात परत केला असता. पण तो अर्ज माझाच होता.

जानेवारीत गुण्याला बदली झाली. मी शनिवारी रात्री यायचो आणि सोमवारी पहाटे जायचो. सुलतान चार-पाच महिन्यांचा, दांडगट, अख्खं घर त्याच्याच मागे. राणी हळूहळू जिन्याखाली जाऊन बसायला लागली. आम्ही म्हटलं, रुसलीय, सवत आली ना! आम्ही हसलो देखील.

दोघांना पाणी प्यायला एकच मोठं घमेलं होतं. ते भराभर रिकामं व्हायचं आणि सौ. ते पुन्हा भरायची. दोन कुत्री आहेत म्हटल्यावर पाणी जास्त लागणारच, नाही का?

राणी माजावर येऊन गेल्याला महिना-दीड महिना झाला होता. तिला पायोमेट्रा झाला होता, म्हणजे गर्भाशयात पू. मध्यम वयाच्या, शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीला माज होऊन गेल्यावर चार ते आठ आठवड्यांत हा आजार व्हायचा धोका असतो. त्याचं एक मोठं लक्षण म्हणजे कुत्री मरगळते आणि खूप पाणी पिते. एकटी असती तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं. दोघांच्या घमेल्यात ते लक्षण बुडालं. मी शनिवारी आलो तेव्हा ती उठतच नव्हती. रविवारी दुपारी गेली. वय सात वर्षंही नव्हतं.

मुलाला आम्ही सांगितलं, म्हातारी झाली होती रे. तो आजही तसंच समजतो. सुलतानला उन्हाळ्याआधी मुरारच्या एका कुटुंबाला दिलं. गुण्याला कोण सांभाळणार होतं त्याला? म्हणजे दोन कुत्री करायला निघालो आणि सहा महिन्यांत घरात एकही उरलं नाही.

बेटा, तू हे वाचशीलच. राणी म्हातारी होऊन गेली नव्हती.

आता मुद्द्याकडे येतो. दुसरा शो डॉग आणायची जी कारणं आपण एकमेकांना सांगतो, ती मी एकेक तपासून पाहिली आहेत.

पहिलं कारण : "पहिल्याला सोबत होते." कधी होते, हे मान्य. पण ही सोबत पहिल्याने मागितलेली नसते. पाच वर्षं ज्याचं घर, ज्याची माणसं, ज्याची खाटेखालची जागा, त्याच्याकडून आपण सगळ्यातला अर्धा वाटा काढून घेतो आणि वर म्हणतो की तुझ्यासाठीच केलं. दोन नर किंवा दोन माद्या असतील तर भांडणाचं भय वेगळं. नर-मादी असतील तर दर माजाला दोन-तीन आठवडे बंद दारं आणि रात्रभर रडणं. दत्ताच्या तसबिरीत चार श्वान कसे शांत उभे असतात! पण त्यांच्यामागे साक्षात दत्तगुरू उभे आहेत. आपल्या घरात मागे कोण उभं असतं ते आपल्यालाच ठाऊक.

दुसरं कारण : "ह्याचं करिअर संपत आलं." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. करिअर कोणाचं? जज दात पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चाल पाहतो, जातीच्या ठरलेल्या वर्णनाशी ताडून पाहतो. त्यात कुत्र्याला काय कळतं? त्याला एवढंच कळतं की आपला माणूस आज खूश आहे. आपण रिटायर झालो तेव्हा बँकेने आपल्या खुर्चीवर दुसरा बसवला, ते ठीकच होतं. पण घरच्यांनी दुसरा बाप आणला नाही.

तिसरं कारण : "पिल्लू चांगल्या लाइनचं आहे, अशी संधी पुन्हा येत नाही." मंडळी, संधी दरवर्षी येते. विकणाऱ्याच्या घाईला आपण आपला मुहूर्त समजतो. ते जगप्रसिद्ध क्रफ्ट्स प्रदर्शन १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्ट यांनी लंडनला सुरू केलं. हे गृहस्थ मूळचे कुत्र्यांची बिस्किटं विकणाऱ्या कंपनीतले. यात वाईट काही नाही, धंदा आहे. पण आणखी एक कुत्रा आणा असं म्हणणाऱ्याचं दुकान कशाचं आहे, एवढं ग्राहकाने पाहावं.

आणि दोन महिन्यांचं पिल्लू शो डॉग निघेल याची हमी जगात कोणी देऊ शकत नाही. दात बदलल्यावर जबडा जुळत नाही, उंची जास्त भरते, नराचा एक वृषण खाली उतरत नाही आणि तो रिंगमधून बादच होतो. मग काय करणार? असं "न निघालेलं" पिल्लू घरात, आणि हौस तशीच शिल्लक. म्हणून तिसरं आणायचं. थकलेलं खातं लपवायला नवं कर्ज काढतात, त्याला आमच्याकडे एक नाव होतं. इथे लिहीत नाही.

चौथं कारण कोणी बोलून दाखवत नाही : रुबाब. आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांत, सरदारांकडे, कुत्री असत. पण चौक असे, परसदार असे, आणि मुख्य म्हणजे माणसं असत. जुनागढच्या नवाबाकडे शेकडो कुत्री होती आणि त्यांच्या दिमतीला स्वतंत्र नोकर होते म्हणतात. आपण त्या नवाबाला हसतो. पण नोकराशिवाय कुत्रा नको, इतका हिशेब त्या लहरी माणसालाही होता. आपण वाडे विकले, सिटी सेंटरच्या फ्लॅटमध्ये आलो, मुलं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला गेली. मागे राहिले दोन म्हातारे आणि एक कामवाली. त्यात मुलं प्रेमाने पिल्लू पाठवतात, "आई-बाबांना सोबत" म्हणून. वर्षाने अजून एक, "पहिल्याला सोबत" म्हणून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. अशा गावात हस्की आणि सेंट बर्नार्ड आणून कूलरसमोर बांधणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

कोणी म्हणेल, काका, तुमचं ऐकलं तर चांगल्या जाती टिकणार कशा? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आपल्या शेजारीच आहे.

झाशी रस्त्याला टेकनपूर आहे. तिथे सीमा सुरक्षा दलाचं श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. देशभरातल्या पोलिसांची कुत्री तिथे तयार होतात. आता देशी जातीही घेतात. त्यातली मुधोळ जातीची रिया २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये ११६ विदेशी कुत्र्यांना मागे टाकून 'डॉग ऑफ द मीट' ठरली. मुधोळ म्हणजे आपल्या घोरपड्यांचं संस्थान. राजे मालोजीराव घोरपड्यांनी ही जात निवडून, जोपासून पुन्हा उभी केली. महाराष्ट्रात हिलाच आपण कारवान म्हणतो. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण ही रिया तयार कशी होते? तिथे कुत्र्यामागे ठरलेला हँडलर असतो. कुत्रा आणि जवान एकत्र शिकतात, एकत्र ड्यूटीवर जातात. सरकारकडे जागा आहे, डॉक्टर आहेत, पैसा आहे, तरी कुत्र्याचा हिशेब माणसाच्या हातांवर केला जातो. आपण मात्र तो हिशेब कपाटातल्या रिकाम्या जागेवर करतो.

कायदाही थोडा वाचा. कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्राचे नियम २०१७ मध्ये आले. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आत कुत्रीची पैदास करता येत नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही आणि जन्मभरात पाचच्या वर नाही. पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते. बुकिंग करण्याआधी हे चार प्रश्न विचारून पाहा. "जोडी करा" म्हणणारे किती जण उत्तर देतात ते कळेल.

मग दुसरा कधीच आणू नये का? मी असं म्हणत नाही. बँकेत मी जितके अर्ज नाकारले त्याहून जास्त मंजूर केले. फक्त अटी घातल्या. माझ्या मते वेळ आली आहे की नाही, हे तीन गोष्टींवरून ठरतं.

एक, पहिला कुठे आहे. तो शिकून-सवरून स्थिर झालेला असावा, म्हणजे तीन-एक वर्षांचा तरी. आणि इतका म्हातारा नसावा की पिल्लाच्या उड्या त्याच्या सांध्यांवर पडतील. या बाबतीत मुलाचं बरोबर आहे. बाजी साडेपाचचा, तब्येतीने ठणठणीत. इथे मी हरकत मागे घेतो.

दोन, तास कोणाचे. रविवारच्या त्या चहानंतर मी काय केलं सांगतो. एक जुनी डायरी घेतली आणि ३० दिवस बाजीचा वेळ लिहून काढला. सकाळचं फिरणं, संध्याकाळचं फिरणं, ब्रश, खाणं, रिंगचा सराव, उन्हाळ्यात पाय पुसणं, डॉक्टर. एकूण ८० तास भरले. त्यात माझे ३१, सूनबाईचे २६, मुलाचे १९ आणि नातवाचे ४. शोला जातो मुलगा, फोटोत असतो मुलगा, आणि घरी सगळ्यात जास्त तास ७४ वर्षांच्या माणसाचे. त्या खालोखाल ते सूनबाईचे, जिने बाजी मागितलाही नव्हता. पिल्लाचे तास वेगळे. पहिले कित्येक महिने त्याला वेगळं फिरवावं लागतं, वेगळं शिकवावं लागतं, रात्री उठावं लागतं, दर तीन-चार आठवड्यांनी लस असते. ते कोणाच्या खात्यात पडणार, हे चहाचे कप उचलून आत गेलेल्या सूनबाईला बरोब्बर कळलं होतं. मला मात्र डायरी लिहिल्यावर कळलं.

बायकोला, सुनेला, आईला न विचारता "आपण कुत्रा पाळलाय" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्या पुरुषमंडळींनी ही डायरी एकदा लिहावी. मीही १९९० मध्ये सौ.ला विचारलं नव्हतं.

तीन, नॉमिनी कोण. आपण एफ.डी.ला नॉमिनी लावतो, लॉकरला लावतो, फ्लॅटच्या सोसायटीत लावतो. जे जिवंत आहे त्याला लावत नाही. लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो. आज पिल्लू आणलं तर ते म्हातारं होईल तेव्हा मी ८५ चा असेन, असलो तर. उद्या मुलाची बदली झाली, नातू शिकायला बाहेर गेला, मी पडलो, तर दोन कुत्री कोण घेणार? एकाला कोणीतरी घेतं. दोघांना एकत्र कोणी घेत नाही, हे मी सुलतानच्या वेळी दारोदार फिरून पाहिलंय. म्हणून नाव कागदावर हवं, आणि त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने हो म्हटलेलं हवं. "बघू तेव्हा" हा नॉमिनी चालत नाही.

तेव्हा माझा निर्णय असा, आणि तो मी घरात कागदावर लिहून दिला आहे. पिल्लाला तत्त्वतः मंजुरी. फेब्रुवारीत मात्र नाही. आता मुलाने सलग तीन महिने बाजीचे महिन्याला ४० तास स्वतः करून दाखवावेत, डायरी सूनबाई ठेवेल. तिची सही झाल्याशिवाय बुकिंगचा एक रुपया जाणार नाही. बाजीचा आणि येणाऱ्या पिल्लाचा, दोघांचा नॉमिनी आधी ठरेल. घरात दोघांना झोपायला, जेवायला वेगळी जागा, मधे बंद होणारं दार असेल. पिल्लू रिंगसाठी नाही निघालं तरी ते जन्मभर याच घरात राहील, हे आधी मान्य करायचं. या अटी पुऱ्या होतील त्या दिवशी दिल्लीला पिल्लू आणायला मी स्वतः बरोबर जाईन.

मुलाने कागद वाचला. "बाबा, हे तर पक्कं सँक्शन लेटर आहे," म्हणाला. हसला नाही, पण फाडलंही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला साखळीचा आवाज आला. मी उठायच्या आत बाप-लेक आणि बाजी कटोरा तालाकडे निघून गेले होते.

शेवटची अट पाण्याची. दोन कुत्री असतील तर भांडी दोन, आणि मोजून भरलेली. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल तर डॉक्टर गाठायचा. बाजी ३२ किलोचा, म्हणजे सव्वातीन लिटर ही त्याची हद्द. उन्हाळ्यात थोडं वाढतं, पण कारणाशिवाय वाढलं तर थांबायचं नाही. घरात कुत्री असेल आणि तिचा माज होऊन महिना झाला असेल, तर एक दिवसही थांबायचं नाही. हे मला १९९१ मध्ये कोणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

बाजी एकटाच आहे, तरी त्याचं पाणी मी रोज लिटरच्या मापाने भरतो आणि रात्री किती उरलं ते पाहतो. सौ. म्हणते, एवढं काय ते. तिलाही राणी आठवत असणारच, पण आम्ही त्याबद्दल बोलत नाही.

ज्यांच्या फोटोवरून हे सुरू झालं त्यांच्याबद्दल मनात काही नाही. त्यांच्याकडे माणसं असतील, तास असतील, नॉमिनीही असेल. असेल तर त्यांनी ते कसं जमवलं हे जरूर लिहावं, आम्हाला उपयोग होईल. आणि ज्यांच्या घरात पहिला कुत्रा जिन्याखाली जाऊन बसायला लागला आहे, त्यांनी आज रात्री पाण्याचं भांडं पाहावं.

चूकभूल द्यावी घ्यावी.